कपाटावरचा खोका

मध्यंतरी मुरबाड तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत गेलो होतो. कपाटावर परदेशातून आलेला खेळण्यांचा खोका होता. लोकरीच्या केसांची बाहुली, लाकडी ठोकळे, जाड पुठ्ठ्याची चित्रमय पुस्तके, सारे प्लॅस्टिकच्या वेष्टनात जसेच्या तसे. ‘मुले खराब करतील’ म्हणून वर ठेवलेले. पाहुणे आले की खोका खाली उतरतो, फोटो निघतो, खोका पुन्हा वर.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. एकाच बाजूची नोंद दिसली की जीव अडखळतो. आलेले दिसते, गेलेले काय?

१९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानच्या शाळांना बारा हजारांवर बाहुल्या पाठवल्या. जपानी मुलांनी वर्गणी काढली आणि त्याच वर्षी ५८ बाहुल्या उलट धाडल्या. पुढे महायुद्धात शत्रूच्या म्हणून जपानमधल्या बहुतेक बाहुल्या नष्ट झाल्या. काही मात्र शिक्षकांनी लपवून ठेवल्या. त्यांनीही बाहुली लपवलीच म्हणा, पण मुलांपासून नव्हे!

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला तरी हे शिकवायला नको. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. मूळ पद्धत इटलीच्या माँटेसोरीबाईंची, पण तिची साधने खेड्यात परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. परदेशातून आलेली कल्पना इथल्या अंगणात रांगली, इथलीच झाली.

शहापूर-मुरबाडच्या ठाकर-कातकरी पाड्यांतली पोरे काय कमी श्रीमंत आहेत? पानाची पिपाणी, मातीचे बैल, आणि सागरगोटे. या सागरगोट्याची गंमत अशी, की ही बी पाण्यावर तरंगते. कॅरिबियन बेटांकडच्या अशाच बिया समुद्रातून वाहत थेट स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागतात. तिथले लोक पूर्वी त्या ताईत म्हणून जपत. वर फेकून झेलण्याचा खेळ तर सगळीकडचा: कोरियात खड्यांचा, प्राचीन ग्रीसमध्ये मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा.

तेव्हा उलटा खोका भरावा. मुलांनीच चित्रे काढून पुस्तक शिवावे. चित्राखाली घरच्या बोलीतला शब्द, शेजारी पुस्तकी मराठीतला. मातीचा बैल वाटेत फुटेल, म्हणून भाताच्या पेंढ्याऐवजी जुन्या कापडात नीट गुंडाळावा. (पेंढा आणि बिया पाठवायला अनेक देशांत मज्जाव असतो, टपाल कचेरीत आधी विचारलेले बरे.) सागरगोटे जाणार नाहीत. मग खेळ कसा खेळायचा ते मुलींनी हाताची चित्रे काढून दाखवावे. पलीकडच्या वर्गाने आपल्याकडचे खडे घेऊन खेळावा, आणि कुठे अडले ते पत्राने विचारावे.

पण त्याआधी तो खोका कपाटावरून काढून जमिनीवर, मुलांच्या मध्ये ठेवायला हवा. बाहुलीचा एखादा हात निखळेल. निखळू द्या. कसा शिवला, तेही पत्रात लिहिता येईल.