दुप्पट भाडं

गेल्या महिन्यात एका शिबिरात एक सद्गृहस्थ आम्हाला साधेपणा शिकवून गेले. म्हणाले, गरजा कमी करा, सुख वाढेल. परदेशातले लोकसुद्धा आता थोडक्यात राहायला लागलेत. समोर बसलेले अर्धे जण रात्रपाळी करून आलेले. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो. आणखी कुठली गरज कापू? सांगा.

त्यांनी दाखला दिला थोरोचा. अमेरिकेतला हा माणूस १८४५ ला वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षं राहिला. झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. माणूस खरा होता, गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. आणि तळ्याचं पाणी घेताना त्याला कुणी जात विचारली नाही. आपल्याला तळ्यात हात घालायला २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं.

मिरजेहून साताऱ्याकडं रेल्वेनं जाताना मसूर स्टेशन लागतं. मी दर वेळी खिडकीतून बघतो. १९०१ ला नऊ-दहा वर्षांचा भीमा भावा-भाच्यांबरोबर इथं उतरला, वडिलांकडं जायला. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, वर गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. शिदोरी होती, पाणी कुणी देईना. पोरं उपाशी निजली. पैसा होता हो गाठीला!

१९१३ ला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. त्यातच खाणं, त्यातच घरी पैसे, त्यातच पुस्तकं. पुढं १९२० नंतर लंडनला रात्री पापड भाजून पोटाला आधार. तिथं काटकसर जमली, कारण भाड्यानं खोली मिळत होती आणि ग्रंथालयाचं दार उघडं होतं. मधे १९१७ ला बडोद्याला नोकरीवर आले, तर एवढ्या शिकल्या माणसाला खोली मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात.

आता बोला, साधेपणा कुठल्या देशात परवडतो?

मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला फुटकी भांडी आणि मेलेल्याचे कपडे नेमून दिले. ही पण साधी राहणीच का? ज्याच्याकडं आहे त्यानं सोडावं. आमच्याकडं येऊच दिलं नाही, ते आम्ही काय सोडणार?

पण मित्रांनो, बोट आपल्याकडंही वळवू. मागच्या जयंतीला डीजेसाठी मी ५०० रुपये वर्गणी दिली. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फॉर्मला पैसे कमी पडले. फॉर्म राहिला. ती काही बोलली नाही. मला अजून झोप लागत नाही. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून २००० च्या आसपास पुस्तकं जमवली, आणि मी त्यांच्याच नावानं बहिणीचं वर्ष घालवलं.

तेव्हा काटकसर करू, पण आपल्या हिशोबानं. यंदा वर्गणीतनं आधी वस्तीतल्या पोरापोरींचे फॉर्म, उरलं तर वाजाप.

आणि त्या सद्गृहस्थांना निरोप : साधेपणा जरूर शिकवा. आधी तुमच्या सोसायटीत आम्हाला एक खोली भाड्यानं द्या. दुप्पट भाडं आम्ही मसूरलाच भरलंय.