छोट्या रुळांवरचा इतिहास : बार्शी लाइटचे मॉडेल का व्हायला हवे

#थ्रेड #इतिहास

१/
एकाच अभियंत्याने उभारलेल्या, एकाच रुंदीच्या रुळांवर धावलेल्या दोन रेल्वे. एक इंग्लंडमधली : जेमतेम १३ किलोमीटर, आयुष्य ३० वर्षे. दुसरी महाराष्ट्रातली : ३०० किलोमीटरांहून अधिक, आयुष्य शंभर वर्षांहून जास्त. पहिली आजही कितीतरी हौशी लोकांच्या टेबलांवर धावते. दुसरीचे छोटे रूप क्वचितच कुणाच्या पाहण्यात आले असेल.

२/
तो अभियंता म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली.

३/
हलके रूळ, हलकी गाडी, पण वाहतूक भरपूर, असे कॅल्थ्रॉपचे सूत्र होते. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, म्हणून इंजिनाचे वजन अनेक आसांवर विभागले गेले. सर्व डबे आणि वाघिणी एकाच मापाच्या पोलादी सांगाड्यावर बांधल्या गेल्या : लांबी २५ फूट, रुंदी ७ फूट.

४/
बार्शीचा हा अनुभव घेऊन कॅल्थ्रॉपने स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या मार्गावर आज पायवाट आहे. तरीही तिचे प्रत्येक इंजिन आणि स्थानक मॉडेलकारांना तोंडपाठ आहे. धाकट्या बहिणीच्या वाट्याला आलेले हे भाग्य थोरलीला मात्र लाभले नाही.

५/
मॉडेल रेल्वेकडे आपल्याकडे महागडे खेळणे म्हणून पाहिले जाते. वास्तविक या छंदाचा पाया मोजमाप हाच आहे. जगभर सर्वाधिक रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान केली जाते. मूळचा एक फूट मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर होतो. युरोप-अमेरिकेतील ४ फूट साडेआठ इंची मार्गासाठी मग १६.५ मिलिमीटरचे रूळ लागतात.

६/
या मापांतही इतिहास दडलेला असतो. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान असल्याने सुरुवातीच्या मोटारी त्यांच्या मॉडेलांत मावत नव्हत्या. तोडगा म्हणून गाडीचे प्रमाण फुटाला चार मिलिमीटर केले गेले, रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच राहिले. परिणामी ब्रिटिश ‘ओओ’ मॉडेलांचा मार्ग प्रमाणानुसार सात इंच अरुंद आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती तडजोड आजही कायम आहे.

७/
भारतीय ब्रॉडगेजची अडचण याहून मोठी आहे. साडेपाच फुटी मार्गाला एचओ प्रमाणात १९ मिलिमीटरांहून अधिक रुंदी हवी आणि तसे तयार रूळ बाजारात सहसा मिळत नाहीत. राजधानी एक्सप्रेसचे मॉडेल परदेशी मापाच्या रुळांवर चालते ते त्यामुळेच.

८/
बार्शी लाइटचे गणित मात्र सहज जुळते. तिचे ७६२ मिलिमीटर ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि ‘एन’ गेजचे ९ मिलिमीटरचे रूळ सर्वत्र विकत मिळतात. डबा पावणेनऊ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद होतो. घरातल्या मेजावर अचूकपणे मांडता येईल अशी ही रेल्वे आहे.

९/
खरी कसोटी मांडणीच्या आराखड्याची. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे २१ मैलांचे अंतर एचओ प्रमाणातही जवळपास ३९० मीटर भरते. तेवढी जागा कुणाच्याच घरात नसते. मॉडेलकाराला निवड करावीच लागते : कोणते स्थानक घ्यायचे, कोणते वळण गाळायचे, कोणता हंगाम दाखवायचा. इतिहासकारही नेमके हेच करत असतो.

१०/
ही निवड किती गांभीर्याने करता येते, ते ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात दिसते. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांनी व्हाइट हॉर्स खोऱ्यातील जुनी शाकारलेली घरे डोळ्यांदेखत पालटताना पाहिली. ती वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी ती मोजली, टिपली आणि कागदी पुठ्ठ्यातून पुन्हा उभी केली.

११/
१९५४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात १९२०-३० च्या दशकांतील ग्रामीण इंग्लंड फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात उभे आहे. घरे खऱ्या घरांवरून, झाडे खऱ्या झाडांवरून घडवलेली. रेल्वे तिथे निमित्तमात्र आहे. जतन झाला आहे तो एक प्रदेश.

१२/
यावर एक रास्त आक्षेप आहे. मॉडेलमध्ये ऊन नेहमीच कोवळे असते. शाकारलेल्या छपराखाली राहणाऱ्या शेतमजुराचे दारिद्र्य बाहेरून दिसत नाही. वसाहतकाळातील रेल्वेचे गोंडस रूप घडवणे म्हणजे त्या काळाला रंगसफेदी करणे नव्हे काय?

१३/
ती शक्यता आहेच, पण उपायही मांडणीतच आहे. बार्शी लाइटचा आराखडा आखणाऱ्याने केवळ चकचकीत इंजिन ठेवले, तर ते खेळणेच ठरेल. पंढरपूरच्या यात्रेला डब्यांत न मावणारी वारकऱ्यांची गर्दी, तिसऱ्या वर्गाची उघडी शेड, कापसाच्या गाठी आणि त्या वाहणारे हमाल दाखवले, तर त्याच मांडणीतून ही रेल्वे कुणासाठी होती आणि कुणाच्या श्रमांवर चालली हे कळते.

१४/
महाराष्ट्रात या कलेची जाण नाही असे नाही. पुण्यात कोथरूड परिसरातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून पिढ्यान्‌पिढ्यांना आनंद देत आले आहे. तेथील नगर कल्पित आहे आणि कल्पिताचे सुख वेगळेच असते. मात्र त्याच कौशल्याने एखादे खरे, नाहीसे झालेले स्थानकही उभे राहू शकते.

१५/
बार्शी लाइटचे रुंदीकरण या शतकाच्या प्रारंभी झाले. ते आवश्यकच होते. परंतु जुन्या इमारती पडत आहेत आणि त्या मार्गावर काम केलेले चालक, गार्ड, गँगमन वृद्ध झाले आहेत. कृष्णधवल छायाचित्रांतून डब्याचा रंग कळत नाही. तो या माणसांच्या आठवणीतच उरला आहे.

१६/
म्हणून सुरुवात रूळ विकत घेण्यापासून नव्हे, मोजपट्टीपासून व्हावी. उरलेल्या प्रत्येक इमारतीची लांबी-रुंदी, दगडाचा प्रकार, छपराचा उतार, फलाटाची उंची नोंदवावी. मॉडेल करू पाहणाऱ्याला खिडकीला गज किती, हेही विचारावे लागते. असा प्रश्न सहसा दुसरे कुणी विचारत नाही.

१७/
लीक अँड मॅनिफोल्डला स्मरणात ठेवणारे लोक कुणी सत्ताधीश नव्हते, हौशीच होते. तेरा किलोमीटरच्या रेल्वेसाठी त्यांनी जे केले, ते पंढरीच्या वाटेवर शतकभर धावलेल्या रेल्वेसाठी तिच्याच माणसांनी करायला हवे. मोजायला काही उरले आहे, तोवरच हे शक्य आहे.

#थ्रेड_समाप्त