भिंतीच्या दोन्ही बाजूंचा हिशेब

हेरपट म्हणजे भांडवलशाहीने श्रमिकांच्या हाती दिलेला खुळखुळा, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळांत चांगलीच रुजलेली आहे. जेम्स बाँडच्या चित्रपटांपुरती आणि अलीकडे हिंदीत बोकाळलेल्या, तिरंगा व पिळदार दंड यांच्या बेरजेतून देशभक्ती काढणाऱ्या चित्रपटांपुरती ती खोटीही नाही. परंतु त्याच काठीने मार्टिन रिट यांच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या १९६५ सालच्या चित्रपटालाही झोडपले जाते, तेव्हा मात्र प्रतिवाद करणे भाग पडते. चित्रपट रटाळ आहे, हा त्यावरचा एक आक्षेप. पूर्व जर्मनीचे काळेकुट्ट चित्र रंगवून तो समाजवादाची बदनामी करतो, हा दुसरा. पहिला आक्षेप आळसातून आलेला आहे. दुसरा अधिक घातक आहे, कारण तो घेणारी मंडळी चळवळीतलीच आहेत.

जॉन ल कारे यांची मूळ कादंबरी १९६३ ची. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी करीत होता. कथानक थोडक्यात असे : पश्चिम बर्लिनमधील ब्रिटिश हेरप्रमुख लीमस याचे हस्तक पूर्व जर्मन गुप्तचर अधिकारी मुंट एकेक करून टिपतो. लीमसला लंडनला परत बोलावले जाते आणि मुंटचा काटा काढण्याची शेवटची कामगिरी त्याच्यावर सोपविली जाते. त्यासाठी त्याने बडतर्फ, कफल्लक, दारुडा माणूस म्हणून जगायचे आणि शत्रूने आपणहून विकत घेण्याची वाट पाहायची.

ही वाट पाहणे चित्रपट प्रेक्षकालाही भोगायला लावतो. पहिल्याच प्रसंगात रात्रीच्या नाक्यावर लीमस ताटकळत उभा आहे. ज्याची प्रतीक्षा तो माणूस सायकलवरून येतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्यांना बळी पडतो. मग लंडन, रोजगार विनिमय केंद्रातली रांग, ग्रंथालयातली किरकोळ नोकरी, वाण्याकडची उधारी. उधारी नाकारणाऱ्या वाण्याला लीमस ठोसा मारतो आणि तुरुंगात जातो. त्या वाण्याची भूमिका बर्नार्ड ली यांनी केली आहे. बाँडपटांत बाँडचा वरिष्ठ होणारे हेच ते नट! बाँडच्या जगात कोणी कधी बिल चुकते करताना दिसत नाही. इथे किराण्याच्या पुड्यापासून सारे काही पैशांत मोजले जाते. रिचर्ड बर्टन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याने लीमसचा थकवा असा काही अंगात मुरवला आहे की, तो अभिनय वाटतच नाही.

आणि कटाचा गाभा तरी कशात आहे? बँकेच्या खात्यांत. कोपनहेगन आणि हेलसिंकी येथील बँकांत खोट्या नावांनी ठेवलेल्या रकमा, त्या काढल्याच्या तारखा आणि त्याच सुमारास मुंटने केलेले प्रवास, एवढ्या रुक्ष तपशिलावर एका माणसाच्या गळ्यात फास अडकवण्याचा हा उद्योग आहे. लीमस हा तपशील कुरकुरत, पैसे घेऊन, तुकड्यातुकड्याने विकतो. या संभाषणाच्या वेळी ज्याला डुलकी लागली, त्याला पुढचा न्यायाधिकरणाचा प्रसंग उमगणार नाही. संथपणा हा इथे दिग्दर्शकाचा दोष म्हणता येत नाही. सत्तेची यंत्रणा याच गतीने, कारकुनी शिस्तीने माणसे दळते.

आता बदनामीविषयी. मुंटविरुद्ध पुरावा जमवणारा त्याचाच दुय्यम अधिकारी फीडलर हा ज्यू आहे, निष्ठावंत समाजवादी आहे. मुंट हा पूर्वाश्रमीचा नाझी. खटला ऐन रंगात आला असता उलगडा होतो की, मुंट हाच ब्रिटिशांचा माणूस आहे. लंडनने सारा खटाटोप केला तो त्याला वाचवण्यासाठी आणि त्याच्यावर संशय घेणाऱ्या फीडलरला संपवण्यासाठी. म्हणजे लोकशाहीची ग्वाही देणारे एक राज्य एका नाझीला जपते आणि एका प्रामाणिक समाजवाद्याचा बळी देते. यात बदनामी नेमकी कोणाची झाली? हे केवळ कादंबरीकाराचे कुभांड आहे असेही नाही. पूर्व आघाडीवर हिटलरच्या लष्करी हेरखात्याचे काम पाहणारे राइनहार्ट गेलेन १९५६ ते १९६८ पर्यंत पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. शिवाय मार्टिन रिट हे काही शीतयुद्धाचे भाट नव्हते. मॅकार्थीच्या काळ्या यादीमुळे १९५० च्या दशकारंभी अमेरिकन दूरचित्रवाणीवरचे त्यांचे काम बंद पडले होते. चित्रपटात पूर्वेकडच्या हेराची भूमिका करणारे सॅम वानामेकर त्याच यादीपायी इंग्लंडात स्थायिक झालेले होते.

परंतु कार्यकर्त्यांनी हा चित्रपट पाहावा तो विशेषतः नॅन पेरीसाठी. (कादंबरीत तिचे नाव लिझ गोल्ड.) ग्रंथालयात काम करणारी ही तरुणी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थानिक शाखेची साधी सभासद आहे. पक्ष तिला पूर्व जर्मनीच्या भेटीचे आमंत्रण देतो आणि ती भाबडेपणाने हरखते. कादंबरीत लाइपझिगच्या शाखासभेचा एक प्रसंग आहे : एवढ्या गाजावाजाच्या सभेला जेमतेम सात माणसे जमतात. ज्याने कधी शाखेची बैठक बोलावून रिकाम्या सतरंजीकडे पाहिले आहे, त्याला हे पान वाचताना हसू येईल आणि मन विषण्णही होईल. चित्रपटात या प्रसंगाला न्याय मिळालेला नाही, ही त्याची खरी उणीव. पुढे तिला न्यायाधिकरणापुढे उभे केले जाते. लंडनहून कोणी आले होते का, तिच्या घराच्या भाडेपट्ट्याचे पैसे कोणी भरले, या प्रश्नांना ती खरी उत्तरे देते, आणि त्या खरेपणानेच फीडलरचा घात होतो. ज्या पक्षासाठी ती पत्रके वाटत होती त्याने तिला बोलावून आणले, आणि ज्या राज्याची ती नागरिक होती त्याने तिला सापळ्यातले आमिष केले. तिची संमती दोघांपैकी कोणीच विचारली नाही.

लंडनचा प्रमुख लीमसला आरंभीच समजावतो की, धोरण आपले सौम्य असले तरी पद्धतीत प्रतिपक्षापेक्षा मऊ राहून चालत नाही. कादंबरीतला फीडलरही निष्पाप नाही. समष्टीसाठी व्यक्तीचा बळी त्याला मान्यच आहे, आणि अखेर त्याच न्यायाने तो स्वतः बळी जातो. आचार्य जावडेकरांनी साधनशुचितेचा जो प्रश्न समाजवादापुढे ठेवला होता, त्याला ‘भाबडा गांधीवाद’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे दोन संवाद शेजारी शेजारी ठेवून ऐकावेत. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून चित्रपट निराशावादी, असाही निष्कर्ष काही जण काढतात. मग अखेरच्या प्रसंगाचे काय करायचे? भिंतीवर चढताना नॅनला गोळी लागते. पलीकडून उडी मारण्याचा पुकारा चालू असतो, आणि लीमस पूर्वेच्या बाजूला, तिच्या मृतदेहाकडे उतरतो. साऱ्या चित्रपटात हुकुमावाचून त्याने केलेली ही एकमेव कृती आहे.

भिंत १९८९ मध्ये पडली, पण अंधारातला कारभार काही तिच्याबरोबर गेला नाही. ज्या ब्रिटिश परदेशी गुप्तचर खात्याची ही कथा, त्याचे अस्तित्व संसदेच्या कायद्यात १९९४ पर्यंत नमूद नव्हते. भारतात गुप्तचर विभाग आणि १९६८ साली स्थापन झालेली ‘रॉ’ या दोहोंना आजही संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याचा आधार नाही. आहे तो १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा शासकीय गुपिते कायदा. पडद्यावरच्या हेराला टाळ्या देणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

शिबिरांच्या संयोजकांनी हा चित्रपट रात्रीच्या जेवणानंतरचा विरंगुळा म्हणून लावू नये. सकाळच्या सत्रात दाखवावा आणि चर्चेला पुरता वेळ ठेवावा. शिबिर दोन दिवसांचे असेल, तर दुसऱ्या दिवशी रिट यांचाच ‘द मॉली मॅग्वायर्स’ (१९७०) घ्यावा. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांच्या गुप्त संघटनेत मालकांनी घुसवलेल्या खबऱ्याची ती कथा आहे, आणि तिथे फासावर जाणारा कामगारांचा पुढारी झाला आहे शॉन कॉनरी, म्हणजे खुद्द जेम्स बाँड.