संगणक आहे, शास्त्र कोठे आहे?

शालेय प्रवेशाचे दिवस आले की आमच्या उपनगरांतील शाळांच्या माहितीपत्रकांवर एक ओळ ठळक अक्षरांत झळकते: 'अद्ययावत, वातानुकूलित संगणक कक्ष.' अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पालक ती ओळ वाचून समाधान पावतात, शुल्क भरतात आणि आपले पाल्य संगणकशास्त्र शिकत आहे, असे मानू लागतात. आमचा आक्षेप या समजुतीला आहे. त्या कक्षात बहुधा शिकविले जाते ते तयार प्रोग्रॅम हाताळण्याचे तंत्र. अक्षर ठळक कसे करावे, तक्ता कसा आखावा, 'सी.पी.यू.'चे पूर्ण रूप काय, हे पाठ करून मुले गुण मिळवितात. टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास आपण कधी साहित्यिक म्हटले नाही. मग येथेच ही गल्लत का?

हे दुखणे जुने आहे. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातील सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बी.बी.सी. मायक्रो' संगणक पाठविले. यंत्रे पोहोचली, शिक्षकांची तयारी मागे राहिली. २०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, त्यांत पाठ्यपुस्तके भरलेली होती. दप्तर हलके झाले, ही गोष्ट चांगलीच. परंतु त्या पाटीच्या आत काय घडते, हे त्या मुलांना कोणी शिकवायचे?

येथे कोणी म्हणेल, धर्मगुरूंना या विषयाशी काय कर्तव्य? सांगतो. अंधेरीची सीप्झ वसाहत १९७३ साली स्थापन झाली. तिच्या कुंपणाआड १५७९ साली बांधलेल्या बाप्तिस्मा योहानाच्या ख्रिस्तमंदिराचे अवशेष आजही उभे आहेत. संगणक उद्योग अर्धे शतक आमच्या पूर्वजांच्या अंगणात नांदत आहे. आमच्या मुलांनी त्यात कोणत्या दाराने शिरावे, याची चिंता आम्ही वाहणार नाही, तर कोण वाहणार?

शास्त्र म्हणजे काय, हे धर्मग्रामाच्या कचेरीतील उदाहरणाने पाहू. स्नानसंस्काराची नोंदवही तारखेनुसार लिहिलेली असते. दाखला मागणाऱ्यास तारीख ठाऊक नसेल, तर पानामागून पान उलटावे लागते. आता समजा, १,००० नावांची वर्णानुक्रमे लावलेली सूची हाती आहे. मधले नाव पाहावे, हवे ते नाव त्याच्या आधी येते की नंतर हे ठरवावे आणि उरलेली अर्धी सूची बाजूस सारावी. असे करीत गेल्यास फार तर १० वेळा पाहून नाव सापडते, अथवा ते नाही याची खात्री होते. नावे १० लाख असली, तरी २० वेळा पुरे. असे का होते, हे ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, त्याने संगणकशास्त्राचा पहिला धडा घेतला. त्यासाठी वीज लागली नाही, इंग्रजी लागले नाही आणि वातानुकूलन तर नाहीच नाही.

'आमच्याकडे पैसा नाही, शिक्षक नाहीत,' ही सबब म्हणूनच आम्हांस मान्य नाही. केरळने २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा उपक्रम हाती घेतला, आपल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मुक्त आज्ञावली स्वीकारून परवान्यांचा खर्च वाचविला. तितके दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्या उपनगरांच्या मधोमध पवईच्या आय.आय.टी.त 'कंप्युटर मस्ती' ही शालेय पुस्तकमाला तयार झाली, ती विनामूल्य आहे. 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून यंत्राविना करावयाचे पाठ शिक्षकांना पुरवीत आहे. गणिताचा शिक्षक हे सारे शिकवू शकतो. त्याला प्रशिक्षणाची रजा द्यावयाची की बाहेरील कंपनीस कंत्राट, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी सबब नोकरीची. २०२० साली 'व्हाइटहॅट ज्युनिअर' या मुंबईतच स्थापन झालेल्या कंपनीने कोवळ्या मुलांच्या 'कोडिंग'च्या जाहिरातींचा भडिमार केला. भारतीय जाहिरात मानक परिषदेने आक्षेप घेतल्यावर त्यांपैकी काही मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून, कोडिंगच्या उपक्रमांची शिफारस केली. शिफारशीस आमचा विरोध नाही. पण आज सांगितलेला प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते. तो बरोबर आहे का, कोठे चुकेल, कोणावर अन्याय करील, हे पारखणारी बुद्धी ज्याच्यापाशी असेल तो टिकेल. पाठांतर केलेल्या आज्ञांचे मोल उरणार नाही.

याचा फटका सर्वाधिक बसतो तो मराठी माध्यमातील मुलांना. अकरावीत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय घेतल्यावर त्यांची या विद्येशी पहिली भेट होते, तीही परक्या भाषेत. ज्याच्या घरी संगणक आणि शिकविणारे कोणी असते तो सावरतो. बाकीचे 'हा विषय आपला नव्हे' म्हणून मागे फिरतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, शाळेने त्यांची तयारी करून घेतली नाही म्हणून.

तेव्हा पालकहो, पुढील पालकसभेत कक्षात किती यंत्रे आहेत, हे विचारू नका. या सत्रात मुलांनी कोणते कोडे स्वतः सोडविले, ते विचारा. शिकविणारी व्यक्ती शाळेची आहे की कंत्राटदाराची, ते विचारा. मराठीतून समजावून सांगितले जाते का, तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या सभेतून उठू नका. आमच्या धर्मग्रामांच्या अखत्यारीतील शाळांनाही हेच प्रश्न लागू आहेत, आणि त्यांना ते आधी विचारावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.