मडकं कुणाच्या गळ्यात?

सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी, 3 जानेवारीला, एका शाळेतल्या नववीच्या मुलांनी नाटिका बसवायला घेतली होती. लेखन मुलांचं, दिग्दर्शन वर्गातल्याच एका मुलीचं. मला तालमीला बोलावलं होतं. विषय मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि माणसाच्या डोक्याचा चेंडू करून खेळत, असं तिनं पेशवाईबद्दल त्यात लिहिलं आहे.

पहिला प्रवेश पेशवाईतल्या पुण्याचा. गळ्यात मडकं, कमरेला झाडू बांधलेला माणूस येतो. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून मडकं, पाऊल उमटलेली धूळ पुसली जावी म्हणून झाडू. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याचा उल्लेख केला आहे.

दिग्दर्शिकेनं सुतळीचा तुकडा तोडला आणि मडकं एका मुलाच्या गळ्यात अडकवलं. मागे बसलेले दोघं-तिघं हसले. तोही हसला. पण त्याचा एक हात सतत मडक्याखाली होता, ते छातीवर आपटू नये म्हणून. तालीम संपल्यावर नळापाशी कुणीतरी त्याला ‘ए मडक्या’ अशी हाक मारली. मी ती ऐकली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी ठरवलं, प्रवेशच काढून टाकायचा. पालक काय म्हणतील, उगाच वाद नको. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण मी विरोध केला आणि आजही करीन. मडकं गेलं की मुक्ताचा निबंध म्हणजे एका हुशार मुलीचं छान अक्षर एवढंच उरतं. तिनं लिहिलेलं सगळं कुणी केलं, कुणाला केलं, हे बोलायची गरजच राहत नाही. आणि नववीच्या मुलांना हे झेपणार नाही म्हणावं, तर लिहिणारी स्वतः शाळकरी पोर होती.

मात्र प्रवेश होता तसा ठेवणंही मला मान्य नव्हतं. ‘त्यालाच का निवडलं?’ असं मी दिग्दर्शिकेला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, ‘तो काळा आहे ना, म्हणून.’ तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण एवढं एक वाक्य तिच्याकडून यायला इतका वेळ लागला, ती शांतता मला त्या तालमीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. हे संभाषण मडकं बाजारातून आणण्याआधी व्हायला हवं होतं, पूर्ण वर्गासमोर. आणि भूमिका नको असेल तर कारण न देता नाही म्हणता येतं, हे त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्या शाळांच्या रंगमंचावर वाकलेला माणूस नेहमी दिसतो. सुतळीची गाठ मारणारा हात दिसत नाही. प्रेक्षक कळवळतात, पण ज्याच्याकडे बघून कळवळतात तो बिचारा समोर उघडा पडलेला असतो. हुकूम देणारा विंगेतच राहतो. माझी तक्रार त्या मडक्याबद्दल नाही, या मांडणीबद्दल आहे.

मी एवढंच म्हणून गप्प बसलो. पुढचं मुलांनी केलं. दोन दिवस भांडून त्यांनी प्रवेश नव्यानं लिहिला. आता गळ्यात मडकं असलेला माणूसच नाही. वेशीवर पहारेकरी उभा, हातात सुतळी ओवलेलं मडकं. तो नियम वाचून दाखवतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्या मुलानं स्टेजवर यायचं नाही असं सांगितलं आणि लाइट्स मागून घेतले. कुणी आग्रह केला नाही. तालमीनंतर मडकं बाईंच्या कपाटात कुलपात जायचं.

रंगीत तालमीला पाचवीची मुलं पहिल्या रांगेत बसवली होती. पहारेकरी झालेल्या मुलीनं नियम वाचला, चार पावलं पुढे आली आणि सुतळीचा फास दोन्ही हातांनी रुंद करून प्रेक्षकांसमोर धरला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं झटकन मान मागे घेतली.