पदवीधर शिक्षकाचा करार कोण तपासणार?

गिरणा आणि मोसम नद्यांच्या काठी वसलेले मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. येथून परदेशी नोकरीस जाणारा म्हटला की वाहनचालक, गवंडी किंवा वीजतंत्री डोळ्यांपुढे येतो. अलीकडे मात्र धर्मग्रामाच्या कार्यालयात चारित्र्याचा दाखला मागण्यास येणाऱ्यांत बी.एड. झालेले तरुण-तरुणी दिसू लागले आहेत. कुणाला दुबईच्या शाळेचे बोलावणे आलेले असते, तर कुणाला कुवेत वा मस्कतच्या. त्यांच्या घरी आनंद असतो आणि तो रास्तही आहे. परंतु हाती आलेल्या करारपत्रात काय लिहिले आहे, हे विचारले असता बहुधा फक्त पगाराचा आकडा सांगितला जातो.

ही मंडळी केवळ पैशाच्या मोहाने निघाली आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्य शासनाने २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबविली. त्यानंतर पवित्र प्रणालीसाठी पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरीसाठी २०२३ उजाडले आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. पहिल्या दोन परीक्षांमधील पाच वर्षांत बी.एड. झालेल्या उमेदवाराने काय करावे? निवड झालीच तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे सहा हजारांचे मानधन २०२३ मध्ये सोळा हजार झाले, माध्यमिकचे आठ हजारांवरून अठरा हजार. वाढ स्वागतार्ह खरी, पण त्यावर घर चालविणे किती कठीण, हे कोणत्याही शिक्षणसेवकाला विचारावे. शिवाय पूर्वी ज्या निवृत्तिवेतनाच्या आशेवर माणसे गावातील शाळा सोडत नसत, ते जुन्या स्वरूपातील निवृत्तिवेतन १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी उरले नाही. मुलांना गावी धरून ठेवणारा दोर आपणच कापला आणि आता ती जातात म्हणून हळहळतो आहोत.

'इंटरनॅशनल स्कूल' या शब्दाचीही थोडी फोड करणे आवश्यक आहे. आखातातील अनेक भारतीय शाळा आपल्याच केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवितात. त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या वा जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या शाळा वेगळ्या. त्यांचे वर्ष ऑगस्टअखेर वा सप्टेंबरात उघडते आणि वेतनमानही सहसा वरचे असते. मराठी वा उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या उमेदवाराला दुसऱ्या प्रकारच्या शाळेचे दार लवकर उघडत नाही. मुलाखत इंग्रजीत होते, आणि आपल्याकडील बी.एड.च्या सरावपाठांत त्या पद्धतीचा गंधही नसतो. (अशी शाळा पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीजवळ महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून उभे आहे.)

परंतु आम्हांस अधिक चिंता वाटते ती कायद्याच्या एका विसंगतीची. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातासह अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार ई-मायग्रेट प्रणालीत नोंदला जातो. दहावी झालेल्यास सहसा या परवानगीची गरज नाही. म्हणजे गवंड्याचा करार सरकारदप्तरी असतो आणि त्याच विमानातील शिक्षिकेचा तिच्या पिशवीत. सुशिक्षिताला आपले हित कळते, हे यामागचे गृहीतक. ते पुष्कळदा फोल ठरते. परवानगी न लागणाऱ्यांनीही या देशांत जाण्यापूर्वी नोंदणी करावी, असा आदेश केंद्राने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता. मात्र अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीच, त्याच महिन्यात, तो स्थगित झाला.

करारातील एकच बारकावा येथे सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन नाही. नोकरी सोडताना सेवा-समाप्तीची रक्कम मिळते. किमान एक वर्ष सेवा झाली असल्यास पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे वेतन, या हिशेबाने. पण हे वेतन म्हणजे मूळ वेतन; भत्ते त्यात धरत नाहीत. समजा दोन शिक्षिकांना महिना पाच हजार दिर्‍हाम मिळतात. एकीचे मूळ वेतन चार हजार आहे, दुसरीचे अडीच हजार. चार वर्षांनी पहिलीला सुमारे अकरा हजार दोनशे दिर्‍हाम मिळतील, दुसरीला सात हजार. पगार सारखाच होता. फरक पडला तो सहीपूर्वी न वाचलेल्या एका ओळीमुळे. आमच्या परिचयातील एका भगिनीने ही ओळ परतीचे तिकीट काढल्यावर प्रथम वाचली.

दलालाच्या शुल्काचेही तसेच. भारतात नोंदणीकृत भरती-अभिकर्त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर, एवढेच घेता येतात. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचाच नाही. लाखांची मागणी झाली, तर तेथेच थांबावे.

प्रमाणपत्रांच्या साक्षांकनासाठी पुरेसा अवधी ठेवावा. अमिराती, कुवेत आणि कतार हे देश अपोस्टिल करारात नसल्याने राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन पदव्यांवर दोन नावे असू शकतात, हेही ध्यानात असावे.

कुठे जायचे, याचा विचार करताना आपल्या भाविकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अबू धाबी, दुबई, कुवेत येथे आपली चर्च आहेत. बहरीनमधील अवाली येथे २०२१ मध्ये नवे कॅथेड्रल उभे राहिले. सौदी अरेबियात मात्र एकही चर्च नाही. मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला हा फरक थोडा नव्हे.

परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, १९८३ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. आमची मागणी साधी आहे. परदेशी जाणाऱ्या शिक्षकाचा वा अन्य पदवीधराचा करारही शासनाकडे नोंदला जावा. परवानगीची आडकाठी मात्र नको. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणावे लागले. तशा प्रसंगी कोण कुठे आहे, हे आधीपासून ठाऊक असणे किती मोलाचे! तोवर हे काम गावपातळीवरच व्हावे लागेल. मालेगाव-मनमाड परिसरातून यंदा जाणाऱ्यांनी करारपत्राची एक प्रत घरी ठेवावी, आणि सही करण्यापूर्वी तेथे नोकरी करून परतलेल्या कुणा जाणत्याला ते दाखवावे. अशी माणसे आपल्या धर्मग्रामांत आहेत. कार्यालयात विचारल्यास त्यांची भेट घालून देता येईल.