मनाचा विचार आणि वैद्याचे कर्तव्य

आधुनिक मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रयोगाच्या दृष्टीने ते यथार्थ आहे. परंतु मनाविषयीचा मूळ प्रश्न त्यापूर्वी कित्येक शतके दर्शनकारांनी विचारला होता आणि आपल्या संहिताकारांनी तो चिकित्सेपर्यंत नेला होता, याचे विस्मरण आपणांस होऊ नये.

डोळा निर्दोष आहे, वस्तू समोर आहे. तरीही ती कधी दिसते, कधी दिसत नाही. यावरून वैशेषिकांनी व नैयायिकांनी मनाचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध केले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्याच अध्यायात हे लक्षण स्वीकारून अणुत्व व एकत्व हे मनाचे गुण सांगितले आहेत. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात अवधानाची जी चर्चा केली, तिच्याशी याचे नाते उघड आहे. मात्र ‘सर्व काही आमच्याकडे होतेच’ ही वृत्ती अभ्यासाला मारक होय. खडकवासल्याहून दिसणाऱ्या सिंहगडावर ज्यांचा बंगला आहे, त्या लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मन व बुद्धी यांची कार्ये वेगळी दाखवून पाश्चात्त्य मतांशी त्यांची साक्षेपाने तुलना केली. आपला मार्गही तोच असावा.

प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. चरकाचार्यांनी उन्मादाची व्याख्या मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमाने केली आहे. या आठांची विचारपूस आपण किती रुग्णांकडे करतो? निद्रानाशाची तक्रार येताच ब्राह्मी, जटामांसी वा सारस्वतारिष्ट लिहून दिले जाते. दुकानात तीच बाटली चिठ्ठीवाचूनही मिळते. औषध हे युक्तिव्यपाश्रय चिकित्सेचे अंग आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणारी सत्त्वावजय चिकित्सा संहितेने स्वतंत्र सांगितली आहे, आणि तिला वैद्याचा वेळ लागतो.

मनोनिग्रह म्हणजे मन कोंडणे नव्हे. खडकवासल्याचे धरण पाणी अडवते, ते योग्य वेळी कालव्यात सोडण्यासाठीच. लोभ, शोक, भय, क्रोध हे वेग धारणीय म्हटले, तेही याच अर्थाने घेतले पाहिजेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग विषयाच्या पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. हा मान जबाबदारीसह आला आहे. म्हणून आमची विनंती अशी की, वैद्यबंधूंनी अशा रुग्णासाठी स्वतंत्र वेळ राखावा; औषधविक्रेत्यांनी तीच बाटली वारंवार मागणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे; आणि आत्मघाताचा विचार बोलून दाखवणाऱ्यास विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे. आपली मर्यादा ओळखणे हेही शास्त्रच आहे.